दोरीच्या अलीकडे

न्यू जर्सीतल्या आमच्या गावातलं, लोकांना पाहायला जपून ठेवलेलं जुनं घर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एक ते चार उघडं असतं. बाहेर झेंडा लावलेला दिसला की समजायचं, आत कुणीतरी आहे. घंटा वाजवली की सत्तरी ओलांडलेल्या एक बाई दार उघडतात. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मला सख्ख्या नातेवाइकांच्या दारातही क्वचितच दिसला आहे. कारण साधं आहे. एक वाजल्यापासून त्या एकट्याच बसलेल्या असतात. पगार नाही, काम स्वखुशीचं. डोक्यात अडीचशे वर्षांच्या गोष्टी साठलेल्या, आणि ऐकायला कुणी नाही.

न्यू जर्सीत अशी घरं पावलोपावली आहेत आणि मला त्यांचं व्यसन आहे. भारतातून पाहुणे आले की नायगारा, वॉशिंग्टन डीसी आणि आउटलेट मॉल हा ठरलेला नैवेद्य. त्यात मी हळूच एखादं घर सरकवते. माझ्या आतेभावाची पहिली पंचवीस वर्षं सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेली. तो जिन्याकडे बघून म्हणाला, "अगं, असल्या कुरकुरणाऱ्या जिन्यातून सुटायला आम्ही फ्लॅट घेतला, आणि तू डॉलर मोजून मला परत तिथेच आणलंस!"

आपल्याकडे प्रत्येक जुन्या वाड्यातून शनिवारवाड्यापर्यंत भुयार असतं, तसं इथे पूर्व किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या घरात जॉर्ज वॉशिंग्टन एक रात्र तरी झोपलेले असतात. पण काही घरांत ते खरोखर राहिले. सॉमरविलच्या वॉलेस हाउसमध्ये त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला १७७८-७९चा हिवाळा काढला. घरमालक जॉन वॉलेसला हजार डॉलर दिले. म्हणजे सेनापती भाडेकरू, आणि मालकाचं कुटुंब त्याच घराच्या उरलेल्या भागात दाटीवाटीने. तिथे उभं राहून मला युद्धापेक्षा एकच प्रश्न पडला होता: सकाळी चूल आधी कुणाची पेटायची?

दुसरं रॉकिंगहॅम, प्रिन्स्टनजवळ. १७८३ साली काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची तेव्हाची संसद, प्रिन्स्टनला भरली तेव्हा वॉशिंग्टन तिथे मुक्कामाला होते आणि सैन्याला उद्देशून निरोपाचा आदेश त्यांनी तिथेच लिहिला. पुढे शेजारची दगडाची खाण वाढत वाढत दारापर्यंत आली, म्हणून घर उचलून हलवलं. एकदा नाही, तीनदा. शेवटचं २००१ मध्ये. भाडेकरू घरं बदलतात हे मला माहीत होतं. इथे भाडेकरू जेमतेम तीन महिने राहून गेला आणि त्यानंतर दोनशे वर्षं घरच बिऱ्हाड हलवत राहिलं.

आत गेल्यावर मात्र सगळी घरं एकमेकींच्या जावा शोभतात. प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर एक दोरी. दोरीपलीकडे पलंग, पलंगाखाली रात्रीचं भांडं, भिंतीशी अंथरूण गरम करायचं लांब दांड्याचं, निखारे भरायचं तांब्याचं भांडं. आणि चरखा. चरखा बहुधा सक्तीचा असावा. साबरमतीला नसतील इतके चरखे मी न्यू जर्सीत पाहिले आहेत.

मग कथा सुरू होतात. पलंग आखूड, कारण तेव्हा माणसं बुटकी होती. भिंतीत कपाटं नाहीत, कारण कपाटाला खोली धरून कर लावत. दोन्ही गोष्टी खोट्या. पलंग मोजले तर आपल्याएवढेच भरतात. उंच खांब आणि फुगीर गादी यांमुळे ते आखूड दिसतात. कपाटावरचा कर अभ्यासकांना कुठल्याच कायद्यात सापडलेला नाही. पण मी कधी टोकत नाही. माझी आजीसुद्धा घरातल्या पितळी समईचं वय दर दिवाळीला दहा वर्षांनी वाढवायची. तिला कुणी टोकलं होतं का?

एकदा मात्र मी रसभंग केला. मार्गदर्शक बाईंनी लाकडी उंच, निमुळत्या पिंपाकडे बोट दाखवलं. झाकणाच्या भोकातून दांडा वर आलेला. "ओळखा पाहू, हे काय?" नेहमीचं उत्तर म्हणे छत्र्या ठेवायचं भांडं. मी म्हटलं, "लोणी काढायचं." त्यांचा चेहरा पडला. ते कोडं हा त्यांचा हुकमी एक्का होता. सावरासावर म्हणून मी सांगितलं, की आमच्याकडे दांडा वरखाली करत नाहीत. रवी खांबाला अडकवतात, तिला दोरीचे वेढे देतात आणि दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढतात. मी आठ वर्षांची असताना आजीकडे ओढली आहे. लोणी येण्याआधी आवाज बदलतो, तो कळायला लागला की घुसळणं आलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी उंबऱ्यावरच्या दोरीचा आकडा काढला आणि मला आत घेतलं.

आवाजाचं म्हणाल तर मला सगळ्यात आधी कानाला लागला तो एक वेगळाच सूर. बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मळ्यावरचं प्रचंड घर पाहायला गेलो होतो. मार्गदर्शक गोड बोलत होता. पहाटे शेगड्या पेटवल्या जात. चाळीस माणसांचं जेवण रांधलं जाई. चादरी इस्त्री केल्या जात. पाऊण तास कर्मणी प्रयोग. आपल्या सरकारी पत्रकात 'योग्य ती कारवाई करण्यात येईल' असं असतं ना, तसं. करणार कोण, ते विचारायचं नाही. स्वयंपाकघर अंगणापलीकडे वेगळं होतं, आगीच्या भीतीने आणि उन्हाळ्याच्या धगीने. ते त्या दिवशी बंद होतं. मालकिणीच्या पंख्यावरची नक्षी मात्र आम्ही दहा मिनिटं बघितली.

व्हर्जिनियातल्या मॉंटिचेलोला, थॉमस जेफरसनच्या घरी, गेलो ते अलीकडे. दर्शनी दालनात भलंमोठं घड्याळ आहे. त्याची वजनं भिंतीलगत हळूहळू खाली उतरतात आणि भिंतीवर वार लिहिलेले आहेत. वजन ज्या वारापाशी, तो आज. पण आठवडा भिंतीपेक्षा लांब निघाला. म्हणून जमिनीला भोक पाडलं आणि शनिवार गेला तळघरात! माणूस हुशार, यात वादच नाही. जेवणाच्या खोलीत शेकोटीच्या दोन्ही अंगांना वाइनच्या बाटल्या तळघरातून वर आणणारे छोटे पाळणे आहेत. पाहुण्यांना बाटली आपसूक प्रकटल्यासारखी वाटे. मात्र आता तिथली मार्गदर्शक तिथेच थांबून सांगते, की खाली बाटली ठेवणारा माणूस गुलाम होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. २०१८ साली तिथे सॅली हेमिंग्जवरचं दालन सुरू झालं. तीही त्याच्या मालकीची, आणि तिच्या मुलांचा बाप जेफरसनच, हे आता ते घर सांभाळणारी संस्थाच स्पष्ट सांगते. कर्ता वाक्यात परत यायला बरीच वर्षं लागली.

माझं सगळ्यात लाडकं घर मात्र कुणा थोराचं नाही. न्यूयॉर्कमधली ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ साली बांधलेली भाड्याच्या बिऱ्हाडांची इमारत. १९३५पर्यंत वीसहून अधिक देशांतली सुमारे सात हजार माणसं तिथे राहून गेली. मग नवे नियम पाळायला खर्च करण्यापेक्षा मालकाने वरचे मजले रिकामे केले. खाली दुकानं चालू आणि वर पन्नास वर्षं बंद दारं. १९८८ साली तिथे संग्रहालय उभं राहिलं. एकेका बिऱ्हाडाला सव्वातीनशे चौरस फुटांत तीन खोल्या. सोबत गिरगावच्या चाळीत हयात काढलेली माझी मावशी होती. तिने एक चक्कर मारली, मधल्या अंधाऱ्या खोलीत डोकावली आणि विचारलं, "मोरी कुठाय?" सुरुवातीला पाणी आणि संडास दोन्ही मागच्या अंगणात, हे मी भाषांतर करून सांगितलं. मावशीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "म्हणजे आमचं बरं होतं," ती म्हणाली, आणि खिडकीच्या चौकटीवरून सवयीने बोट फिरवून धूळ बघितली. त्या एका बोटासाठी मी तिला तिथे नेलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या बाईंचे गुडघे बोलायला लागले. त्यांनी विचारलं, "तुम्ही कराल का एखादा रविवार?" ज्या देशात माझं नाव कुणाला धड उच्चारता येत नाही, त्या देशाचा इतिहास मी सांगायचा! मी लगेच हो म्हटलं. महिनाभर पाठांतर केलं. न्यू जर्सीचा १८०४चा कायदाही वाचला, ज्याने गुलामांना थेट सोडवलं नाही. त्यानंतर जन्मलेल्या त्यांच्या बाळांना मोकळं व्हायचं होतं, पण मुलींनी एकविसाव्या आणि मुलग्यांनी पंचविसाव्या वर्षापर्यंत मालकाची चाकरी केल्यावर. गुलामगिरी पूर्ण संपवणारं हे उत्तरेतलं शेवटचं राज्य.

पहिल्या रविवारी एक कुटुंब आलं. मी तो हुकमी एक्का काढला. वडील म्हणाले, "छत्र्यांसाठी?" मी खूश. मी म्हटलं, "नाही. यात लोणी काढलं जायचं."

त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी दोरीला लोंबकळत होती. "कोण काढायचं?" तिने विचारलं.

दाराच्या मागे, सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही अशा जागी, मूळ मालकाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीची प्रत टांगलेली आहे. दोन गायी, एक घोडी, लोण्याची दोन पिंपं, एक काळी बाई. प्रत्येकापुढे किंमत. बाईचं नाव नाही. मी दोरीचा आकडा काढला, मुलीला आत घेतलं आणि दार लोटून त्या यादीपाशी नेलं.