एक-दोनच्या टेबलावरची हरलेली संध्याकाळ: 162 बिग ब्लाइंड कुठे गेले

कॅसिनोतलं पोकरचं सगळ्यात छोटं नो-लिमिट होल्डेमचं टेबल (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, कितीही लावता येतं), ब्लाइंड म्हणजे दोघांनी डावाआधी सक्तीने भरायचे पैसे एक आणि दोन, नऊ खेळाडू, चार तास. यातला मोठा, दोनचा, तो बिग ब्लाइंड. 100 बिग ब्लाइंड घेऊन सुरुवात, मध्येच आणखी 100 भरले, उठताना 38 उरले. म्हणजे 162 गेले. खालचे सगळे आकडे बिग ब्लाइंडमध्ये आहेत, त्यामुळे कुठल्याही चलनात आणि कुठल्याही टेबलावर लागू पडतील.

आधी बसण्यापूर्वीचं. पोकर रूममध्ये शिरल्याबरोबर काउंटरवर यादीत नाव लावा, चिप्स नंतर घ्या. गर्दीच्या वेळी जागा मिळायला वेळ लागतो, तेवढ्यात भिंतीवरचा रेकचा, म्हणजे कॅसिनोच्या कापणीचा, फलक वाचून काढा. पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) किती टक्के कापतात, कमाल किती, फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) न पाहता डाव संपला तर कापतात का, हे तीन प्रश्न. समजा 10 टक्के कापतात आणि कमाल 2 आहे. 10 च्या पॉटमधून 1 गेला, म्हणजे दहावा हिस्सा. 60 च्या पॉटमधून 2 गेले, म्हणजे जेमतेम 3.3 टक्के. छोटे छोटे पॉट जिंकत बसणाऱ्याला रेक सर्वांत जास्त चावतो. नुसते कॉल करून (दुसऱ्याने लावले तेवढेच भरून) फ्लॉप बघण्याची सवय महाग पडते ती इथे.

जागा निवडता आली तर सतत रेझ करणारा (लावलेली रक्कम वाढवणारा) आणि भरपूर चिप्स असलेला खेळाडू आपल्या उजवीकडे येईल अशी निवडा. तो आधी बोलतो, आपण नंतर.

त्या संध्याकाळी पहिल्या तासात दोन एक्के आले. आपल्याआधी दोघांनी नुसता कॉल केला होता, आपला रेझ 4 चा झाला आणि चौघांनी कॉल केला. पॉट 20. फ्लॉपला 10-9-6, त्यात दोन पानं एकाच प्रकारची (उदा. दोन्ही बदाम). 18 ची बेट, त्यावर एकाचा मोठा रेझ, दुसऱ्याचा कॉल. इथे एक्के टाकणंच योग्य होतं, आणि टाकले. 22 गेले. गडबड फ्लॉपच्या आधी झाली. एका खेळाडूच्या कुठल्याही पानांविरुद्ध दोन एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात, चौघांविरुद्ध फक्त 56 टक्के. छोट्या टेबलावर 4 च्या रेझने कुणी हलत नाही. एकट्याने रेझ करायचा तर 4 ते 5, आणि पुढे कॉल करून बसलेल्या प्रत्येकामागे आणखी 1 ते 2, म्हणजे इथे 7 किंवा 8 हवे होते. टेबल तेवढ्यालाही चौघंचौघं येत असेल तर आणखी वाढवा. किती लावल्यावर एक-दोघंच उरतात, ते पहिल्या अर्ध्या तासात बघून ठेवायचं.

ब्लाइंडचे 8 धरून स्टॅक (आपल्या चिप्स) 70 वर आला आणि मग सगळ्यात मोठा डाव. हातात 9-9, फ्लॉपला इस्पिकची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची दुर्री, म्हणजे तीन नव्व्यांचा सेट. टर्नला, म्हणजे चौथं पान, चौकटची चौकी, आणि सगळे पैसे आत. समोर गुलाम-दहा. सलग पाच पानांसाठी त्याला राणी किंवा सत्ती हवी, म्हणजे उरलेल्या 44 पानांपैकी 8. आपण 36 पानांवर जिंकतो, जवळपास 82 टक्के. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पान, राणी आली. या डावात सुधारण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळीही असेच पैसे लावायचे. नेमका हाच डाव लोक घरी जाताना घोळवत बसतात आणि खरी गळती तशीच राहते.

ती गळती दुसऱ्या बाय-इनमध्ये (नंतर भरलेल्या 100 मध्ये) होती. फ्लशला (एकाच प्रकारच्या पाच पानांना) एक पान कमी, टर्नपर्यंत पॉट 20, समोरच्याने 10 लावले. 10 देऊन 30 मिळवायचे तर चारातून एकदा तरी लागायला हवं. टर्ननंतर 46 पानांतली 9 आपली, म्हणजे 19.6 टक्के. तरीही कॉल परवडतो, पण फ्लश लागल्यावर रिव्हरला समोरच्याकडून सरासरी आणखी 11 तरी निघणार असतील तरच. त्याच्यापुढे उरले होते 6. म्हणजे गणित मिटलं, फोल्ड करायला (पानं टाकायला) हवं होतं, पण कॉल केला. फ्लॉपला 4 चा कॉल ठीक होता, टर्नचे 10 वाया गेले. ड्रॉवर (पान लागण्याच्या आशेवर) कॉल करण्यापूर्वी पॉटकडे बघून पुरत नाही, समोरच्याच्या चिप्स मोजा. नीट दिसत नसतील तर मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे ठेवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

त्यानंतर एक्का-बादशाह, फ्लॉप बादशाह-8-3. संध्याकाळभर फक्त कॉल करणारा एक शांत गृहस्थ टर्नला आपल्या 8 च्या बेटवर एकदम 24 चा रेझ करतो. वरचे 16 भरले गेले. रिव्हरला त्याने 30 लावल्यावर पानं टाकली आणि त्याने आपणहून 8-8 दाखवले. छोट्या टेबलावर असा खेळाडू टर्नला किंवा रिव्हरला रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काहीतरी असतंच असं धरून चाला. एका जोडीचा मोह तिथेच सोडा.

बेरीज: एक्के 22, सेट 70, फ्लश 18 (फ्लॉपपूर्वीचे 4 धरून), एक्का-बादशाह 34 (टर्नपूर्वीचे 10 धरून), ब्लाइंड 18. छोटे जिंकलेले पॉट फ्लॉपपूर्वीच्या कॉलमध्ये आणि रेकमध्ये फिटले. यातले टर्नचे दोन कॉल, 10 आणि 16, हे पूर्णपणे टाळता येण्यासारखे 26.

टेबलावर डीलर तासाला साधारण 25 ते 30 डाव वाटतो, म्हणजे चार तासांत शंभर-सव्वाशेच डाव. तासाला 5 ची कमाई असलेला चांगला खेळाडूसुद्धा अशा दहा बैठकींतल्या चारेक बैठकी तोट्यात उठतो. म्हणून एका संध्याकाळच्या आकड्यावरून आपला खेळ जोखू नका, वरच्यासारखे डाव वेगवेगळे काढून बघा.

नवख्यांचे पैसे नियमांमुळेही जातात. रेझ करायचा असेल तर चिप्स सरकवण्याआधी आकडा बोला. एक मोठी चिप न बोलता टाकली तर तो कॉल धरतात, आणि दोन हप्त्यांत चिप्स पुढे नेल्या तर दुसरा हप्ता परत येतो. पानांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलरच्या हाताने ती टाकलेल्या पानांत जाऊ शकतात. डाव उघडताना दोन्ही पानं सरळ टेबलावर ठेवा, नुसतं तोंडाने सांगून पॉट मिळत नाही.

किती बाय-इन न्यायचे ते घरीच ठरवा. दोन पुरे, तेवढीच रक्कम खिशात ठेवा आणि कार्ड बरोबर नेऊ नका. मोठा डाव हरल्यावर लगेच चिप्स भरण्याऐवजी एक फेरी उठून बाहेर जा. ब्लाइंड चुकले तर परत बसताना ते भरावे लागतात किंवा बिग ब्लाइंड येईपर्यंत थांबता येतं, थांबलेलंच बरं. उठायचं ठरलं की बिग ब्लाइंड आपल्यावर येण्याआधीचा डाव शेवटचा धरा, डीलरकडून रॅक (चिप्सचा ट्रे) मागा, चिप्स स्वतः मोजून भरा आणि कॅशियरपुढे पुन्हा मोजा. मोठ्या डावांची पानं, पॉट आणि समोरच्याचा स्टॅक बाहेर पडतानाच फोनमध्ये टिपून घ्या.