ओल्या कपड्यांचं कपाट जिल्ह्याला नेताना

मी गुहागर तालुक्यातल्या मुलींच्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवते, आणि रेक्टर मॅडम रजेवर असल्या की हॉस्टेलही माझ्याच गळ्यात असतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या आठवीतल्या एका मुलीची कल्पना इन्स्पायर अवॉर्डला निवडली गेली आणि आम्ही रत्नागिरीच्या जिल्हा प्रदर्शनापर्यंत जाऊन आलो. कल्पना सुचायला फार वेळ लागला नाही. बाकीच्या गोष्टींनी जीव काढला. यंदा कोणी नावं भरणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या मदतीने ‘इन्स्पायर अवॉर्ड - मानक’ चालवतो. सहावीपासून पुढच्या मुलांनी रोजच्या जगण्यातल्या एखाद्या अडचणीवर स्वतःची कल्पना मांडायची. शाळेने त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडून ई-मिआस पोर्टलवर भरायच्या. निवड झाली की 10,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात, त्यातून नमुना बनवायचा, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असे टप्पे. धूर सोडणारा ज्वालामुखी आणि थर्माकोलचं पर्जन्यजलसंधारण इथे चालत नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. दुकानातून तयार मॉडेल आणून देण्याची त्यांची तयारी असते.

आमची गोष्ट सुरू झाली खो-खोमुळे. जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीत झाला. प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला 78-40 असं हरवलं तो अंतिम सामना पोरींनी जेवणाच्या खोलीत ताटं बाजूला सारून पाहिला. जूनमध्ये शाळा उघडली ती खो-खोचं वेड घेऊनच. आमचं मैदान जांभ्याचं, वर लाल माती. पावसात सूर मारला की मुलगी आणि मैदान वेगळं ओळखू येत नाही. सरावाचे कपडे प्रत्येकीकडे एकच जोड. संध्याकाळी धुतला की सकाळी ओला, दुसऱ्या सकाळीही ओलाच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पडवीत दोऱ्यांवर दोऱ्या बांधल्या तरी कपड्यांना कुबट वास येतोच. पोरी ओलेच कपडे चढवून सरावाला उतरायच्या.

आमच्या हॉस्टेलात मुलींना गावावरून हाक मारायची पद्धत आहे. वेलदूर, तळवली, मंडणगड, अशी सगळी गावं पंगतीला बसलेली असतात. तर त्यातल्या हर्णैने एक दिवस आपले मोजे बंबाच्या धुराड्याला बांधले. न्हाणीघरामागे आमचा मोठा बंब आहे, लाकडं आणि नारळाच्या सोडणांवर चालणारा. पहाटे पेटतो, सातपर्यंत धगधगत असतो, आणि त्याचं पत्र्याचं धुराडं छपरातून वर जातं. मोजे वाळले. एक जळालाही. स्वयंपाकाच्या मावशींनी तिला माझ्यापुढे उभं केलं ते तक्रार म्हणून. मी तिला विचारलं, धुराड्याला न चिकटवता वाळवता येतील का? संध्याकाळी ती वहीच्या मागच्या पानावर कपाट काढून घेऊन आली. पत्र्याचं कपाट, मधून जाणारं धुराडं, त्याभोवती जाळी, खाली हवा आत यायला भोकं.

वर भोकं नव्हती. मग शास्त्र समजावून घेणं आलं. पावसाळ्यात पडवीतली हवा साधारण 26 अंशांची आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात. त्या हवेत आणखी पाणी मावायला फारशी जागा नसते, म्हणून कपडे लोंबकळत राहतात. तीच हवा 40 अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि कपड्यांतलं पाणी ती ओढून घेते. मात्र ती हवा बाहेर गेली पाहिजे. नाहीतर कपाटात कपडे वाळत नाहीत, उकडतात. हर्णैने हे ऐकलं, मान हलवली आणि पेन्सिलीने वर चार भोकं पाडली. गरम हवा वर जाणारच, पंखा लागणार नाही, हेही तीच म्हणाली.

पहिलं कपाट जुन्या ट्रंकांच्या पत्र्याचं. धुराड्याच्या सांध्यातून धूर आत येत होता, सगळे कुर्ते मासे भाजल्यासारखे वासाचे झाले. बाजारातल्या पत्रेवाल्या काकांनी सांधा पुन्हा मारून दिला आणि धुराड्याभोवती दुसरी पत्र्याची नळी चढवली. पैसे घेतले नाहीत, पण कपाटाच्या दारावर दुकानाचं नाव रंगवू का, असं विचारलं. तेवढं टाळलं.

आता कागदपत्रं. इथे बाहेरगावच्या मुलींच्या शाळेची खरी परीक्षा असते. गावातल्या शाळेत आई संध्याकाळी सही करायला येऊ शकते. आमच्या पालकांच्या वाटेत खाड्या आहेत. पोर्टलला मुलीचं आधार, जन्मतारीख आणि बँक खातं लागतं, आणि या तिन्हींवर नाव सारखं असावं लागतं. हर्णैच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी होती, शाळेच्या जनरल रजिस्टरला वेगळी. नावातही आडनाव आधी की नंतर याचा घोळ. आधार दुरुस्तीला ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हवा, तो आणायला आईला एक दिवस बाजार सोडावा लागला.

वयाच्या कागदावरून अडवलं जाणं आमच्या भागाला नवं नाही म्हणा. हर्णैपासून जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी भर पावसात चालत साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. पुढे 1896 मध्ये त्यांनीच विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. हे मी पोरींना सांगितलं तेव्हा हर्णैने विचारलं, “त्यांचं आधार कुणी दुरुस्त केलं?”

बँक खातं हे दुसरं दुखणं. शिष्यवृत्तीसाठी लहानपणी काढलेलं तिचं खातं वापराविना बंद पडलेलं. ते चालू करायला केवायसी, त्यासाठी पालकांची सही आणि पालकांनी समोर हजर राहणं. खात्यावर पालक म्हणून वडिलांचं नाव. पावसाळी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. म्हणजे वडील घरी असतात ते नेमके जून-जुलैत, आणि नामांकनाची घाई ऑगस्ट-सप्टेंबरला, तेव्हा बोटी समुद्रात. आईला फोन केला की उत्तर ठरलेलं, “बाई, ह्यांची बोट अजून लागली नाय.” बोट लागली त्या दिवशी ते आंघोळ करून तडक निघाले. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने या बाजूला उतरले आणि बँकेत पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म बघून सांगितलं, फोटो जुना आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. समोरच्या स्टुडिओत गेले, फोटो काढून आले, आणि शटर अर्धं खाली येईपर्यंत तिथेच बसून राहिले. मी असते तर भांडले असते.

त्याच आठवड्यात तालुक्याचे खो-खो सामने होते, आणि चौदा वर्षांखालच्या संघात हर्णै होतीच. सामने आम्ही जिंकलो. जिल्ह्याला हरलो, तेही पहिल्याच फेरीत. जिंकलो असतो तर पुढे विभागाला खेळलो असतो. खेळाच्या नकाशात आम्ही कोल्हापूर विभागात, आणि दहावीच्या निकालात कोकण मंडळात. हा हिशेब अजून कुणाला नीट समजावता आलेला नाही.

पोर्टलवर कल्पनेसोबत आकृतीही द्यावी लागते, आणि इथे हॉस्टेलात खरी ठिणगी पडली. आकृती काढली होती नववीतल्या संगमेश्वरने. ती इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेच्या तयारीत होती. अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण, ब ला 5, क ला 3, त्यामुळे तिचा एकेक तास मोलाचा. तरी रात्री जागून तिने कपाटाचा छेद काढला, बाण दाखवून हवेचा रस्ता रंगवला. सांधा लिंपायला चिकणमाती आणली ती वेलदूरने. ओले आणि वाळलेले कपडे मावशींच्या भाजीच्या काट्यावर तोलून वहीत लिहिले ते दोघी सातवीतल्यांनी. पण नामांकन एकाच विद्यार्थिनीच्या नावाने जातं. प्रमाणपत्र एकीचं, पैसे एकीच्या खात्यात. निवडयादी आली तशी खोली नंबर चारमध्ये बोलणं बंद झालं. संगमेश्वरची उशी कोणी तरी पाण्याने भिजवली, हर्णैच्या ताटात मीठ पडलं, असले प्रकार.

निवासी शाळेत कुठलीही गोष्ट एकीची नसते, कंगवासुद्धा नाही. मी त्यांना नियम वाचून दाखवला, त्याने काही झालं नाही. शेवटी हर्णैनेच कपाटाच्या आतल्या बाजूला, जिथे परीक्षकांना दिसणार नाही तिथे, खिळ्याने सगळ्यांच्या गावांची नावं कोरली. संगमेश्वर सगळ्यात वर. त्या रात्री संगमेश्वरने तिला पोस्टरवरची अक्षरं नीट काढून दिली.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आग पेटवता येत नाही. म्हणून कपाटाची छोटी प्रतिकृती केली आणि धुराड्याच्या जागी नळीत 200 वॅटचा जुना पिवळा बल्ब बसवला. आत-बाहेर दोन छोटे आर्द्रतामापक. तवसाळ-जयगड फेरीबोटीवर टेम्पोत कपाट उभं बांधून नेलं. खलाशाने विचारलं यात देव आहे का, कारण आम्ही ते चादरीत गुंडाळून दोघीजणी धरून बसलो होतो.

परीक्षक काय बघतात हे आधी वाचून ठेवलं होतं: नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरण, वापरायला सोपं, आणि आहे त्या साधनांपेक्षा काय जास्त. आमच्याआधीच्या टेबलावर पाठ केलेलं इंग्रजी भाषण चाललं होतं. हर्णै मराठीतच बोलली. बाहेर लख्ख ऊन. पहिल्या परीक्षकांनी विचारलं, हे कपडे बाहेर टाकले तर तासात वाळतील, मग कपाट कशाला? ती म्हणाली, “सर, जुलैत या.” दुसऱ्या मॅडमनी खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. त्याला आम्ही छोटा पडदा लावला होता. अर्जात आम्ही ‘वैयक्तिक कपडे’ एवढंच लिहिलं होतं, आणि मी तिला तेवढंच बोल म्हणून सांगितलेलं.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. “तो आतल्या कपड्यांचा आहे. आणि पाळीच्या कापडांचा. ती आम्ही दोरीवर दुसऱ्या कपड्यांच्या खाली लपवून वाळत घालतो. म्हणून ती वाळत नाहीत आणि खाज सुटते. इथे पडदा आहे, लपवायला लागत नाही.” बाजूच्या टेबलावरची मुलं गप्प झाली. सरांनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी कपाटाचं दार उघडलं, आत हात घातला, पडदा मागे सारून बघितलं आणि विचारलं, कप्प्यात तापमान किती राहतं? हर्णैने वही काढून दाखवली. आर्द्रतामापकाचे आकडे सातवीतल्यांच्या गिचमिड अक्षरात होते, पण होते.

सरांचा शेवटचा प्रश्न मात्र अडचणीचा होता. बंब आता किती ठिकाणी उरलेत? सोलर आले, गिझर आले. बंब नसलेल्या हॉस्टेलाने काय करायचं? तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. राज्याला आमची निवड झाली नाही. मला वाटतं ते योग्यच होतं. जी दोन-तीन मॉडेलं त्या दिवशी पुढे जावीत असं मला वाटलं, ती कुठेही चालणारी होती.

कपाट मात्र चालू आहे. या जूनपासून त्याला वेळापत्रक लागलं आहे: सोमवार-गुरुवार खो-खोचा संघ, बाकी खोल्या पाळीपाळीने, खालचा कप्पा रोज आणि सगळ्यांचा. मावशी अधूनमधून त्यात आमसुलं वाळवायला ठेवतात. त्यावरून वाद होतात. बक्षिसाच्या पैशांतून उरलेली रक्कम हर्णैच्या खात्यातच आहे, ती काढायला पुन्हा वडिलांची सही लागेल.

यंदा प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक मुलीचं आधार, जन्मदाखला आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून बघितलं. बहुतेक वडील घरीच होते, बंदीमुळे. जिथे नाव जुळत नव्हतं तिथे तेव्हाच फॉर्म भरून घेतले आणि सह्या घेतल्या. पाच कल्पनांपैकी चार ठरल्या आहेत. पाचवीवर संगमेश्वर आणि वेलदूरचं भांडण चालू आहे, कारण ती दोघींचीही आहे, आणि पोर्टलला नाव एकच लागतं.