शेवटून पहिलं पान

शोधनिबंध मी मागून वाचते. पुण्यात प्रबंधांचे संदर्भ लावून द्यायचं काम करते, त्यातून लागलेली ही खोड. काम काय, तर शेवटच्या पंधरा-वीस पानांतली नावं, सालं, खंड, अंक, पृष्ठं एका पद्धतीत बसवायची; स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, नियतकालिकाचं नाव तिरपं की सरळ, ते बघायचं. प्रबंध जमा करायची तारीख परवावर आली की मुलं पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभी राहतात. "मॅडम, बाकी सगळं झालंय, तेवढे संदर्भ लावून द्या ना." हे ऐकलं की मी आधी चहा टाकते, कारण रात्र जाणार हे ठरलेलं असतं.

मधमाश्या, मोडी कागदपत्रं, बचतगट, काँक्रीट, काहीही येतं. विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण यादी वाचली की माणूस कळतो. ज्याचं नाव सात वेळा येतं तो गाईड, हे तर उघडच. शेजारच्याच विभागात त्याच विषयावर आयुष्य घालवलेल्या सरांचं एकदाही नाव नसेल, तर तिथे काहीतरी जुनं शिजलेलं असणार. १९९० नंतरचं एकही साल दिसलं नाही, तर टिपणं कुणाकडून तरी वारशानं आलेली. आणि भूजलावरच्या प्रबंधात मध्येच तुकारामांची गाथा सापडली, की तो मुलगा मला न भेटताच आवडून जातो.

लग्नघरी आहेराची वही असते ना, तशीच ही. कुणी काय दिलं ते इमानेइतबारे लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्याकडे कार्य निघालं की काढून बघता येतं. आता वही आहे म्हटल्यावर कुणीतरी बेरीज मारणार, हेही आलंच.

ती मारायची सोय यूजीन गारफील्ड नावाच्या अमेरिकन माणसानं केली. कल्पना मात्र वकिलांची. फ्रँक शेपर्ड या गृहस्थानं १८७३ पासून न्यायालयीन निकालांची एक सूची चालवली होती: अमुक निकालाचा आधार पुढे कुठल्या निकालांत घेतला गेला, तो टिकला की फिरवला गेला. फिरवलेल्या निकालावर युक्तिवाद उभा करणारा वकील भर कोर्टात तोंडावर पडतो, त्यामुळे या सूचीला मरण नव्हतं. गारफील्डनं १९५५ साली 'सायन्स'मध्ये लेख लिहून सुचवलं की विज्ञानातही हे करू या. न्यू जर्सीत कोंबड्यांच्या एका जुन्या खुराड्याची डागडुजी करून त्यानं कचेरी थाटली, आणि १९६४ च्या सुमारास 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला. पहिल्याच खेपेला ६१३ नियतकालिकं आणि १४ लाख संदर्भ.

यातली गंमत दिशेची. निबंध हातात असला की आपण फक्त मागे जाऊ शकतो, यानं कुणाकुणाचं वाचलं इतकंच कळतं. गारफील्डच्या सूचीत पुढे जाता येतं: याचं पुढे कुणी वाचलं? १९५१ सालचा निबंध हातात घ्या आणि त्याची मुलं-नातवंडं शोधत निघा. पुढे १९९८ मध्ये गूगलवाल्या दोघांनी संकेतस्थळांना हाच न्याय लावला, की ज्याच्याकडे जास्त बोटं दाखवतात, आणि मातब्बर बोटं दाखवतात, ते वर.

म्हणजे मुळात हे शोधायचं साधन. मोजायचं झालं ते नंतर. मग २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला: ज्याच्या दहा निबंधांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख झालेत, त्याचा एच दहा. सुटसुटीत आहे, वाईट काही नाही. पण एकदा का हा आकडा बढतीच्या अर्जात रकाना होऊन बसला, की वहीतला आहेर प्रेमाचा राहत नाही. तू माझा टाक, मी तुझा टाकतो. "मॅडम, सरांचे अजून दोन घुसवा ना कुठेतरी," हे मी ऐकलेलं आहे, आणि कुठे घुसवू विचारल्यावर "कुठेही" हे उत्तरही. चांगली नियतकालिकं कुठली ते ठरवणारी यूजीसीची केअर यादी इथेच, पुणे विद्यापीठातून चालायची. २०२५ च्या सुरुवातीला ती मोडीत निघाली.

सर्वात जास्त आहेर कुणाच्या नावावर जमा आहे, हे कुणालाही विचारा. आइन्स्टाइन म्हणतील, नाहीतर डीएनएचा गोफ उलगडणारे वॉटसन आणि क्रिक. चूक. तो मान ऑलिव्हर लाऊरी आणि मंडळींच्या १९५१ मधल्या निबंधाला आहे, आणि त्यात आहे काय, तर द्रावणात प्रथिनं किती ते मोजायची रीत. तीन लाखांहून जास्त उल्लेख. वॉटसन-क्रिकचा निबंध पहिल्या शंभरातही नाही. खुद्द लाऊरींनीच पुढे लिहिलं होतं की हा काही थोर निबंध नव्हे, हे मला ठाऊक आहे, तरी आतून मजा वाटते. मला हे गृहस्थ फार आवडतात.

हे सगळे लाखो लोक मूळ निबंध वाचतात का? सिमकिन आणि रॉयचौधुरी या जोडीनं २००३ मध्ये याचा छडा लावला, आणि लावला तो मुद्रितशोधकाच्या पद्धतीनं, म्हणून मला त्यांचं जास्तच कौतुक. भौतिकशास्त्रातला १९७३ सालचा एक नामांकित निबंध घेतला. त्याचे ४,३०० च्या आसपास उल्लेख. त्यातल्या १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा साल चुकलेलं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. एक चुकीचा पृष्ठ क्रमांक तर जसाच्या तसा ७८ वेळा. आता ७८ विद्वानांची बोटं एकाच अंकावर आपापली घसरली असं कोण मानेल? पहिला घसरला, उरलेल्यांनी त्याच्या यादीतून उचललं. दोघांनी गणित मांडून अंदाज काढला की मूळ निबंध वाचणारे पाचात एखादा. इथे माझ्या टेबलावरही तेच. एकाच गाईडच्या तीन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आडनावाची तीच वेलांटी चुकलेली असते, आणि कोणाचा प्रबंध आधी झाला ते मी कॅलेंडर न बघता सांगू शकते.

याहून वरताण प्रकार म्हणजे नसलेल्या निबंधाचा. एका बड्या प्रकाशकानं लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहायचा याचा नमुना दिला होता. नमुन्यातलं सगळं काल्पनिक: लेखक, साल २०००, पृष्ठं ५१ ते ५९. तो निबंध पुढे जवळपास ४०० लेखांच्या याद्यांत सापडला. नमुना पुसायचा राहून गेला असणार, दुसरं काय. हल्ली मात्र न पुसलेल्या नमुन्यांची गरजच उरली नाही. यंत्राला सांगितलं की ते हवे तितके संदर्भ पाडून देतं. नियतकालिक खरं, लेखक खरा, खंड शोभेसा, आणि त्या पृष्ठावर भलतंच काहीतरी. पूर्वीची चूक निदान कुणाच्या तरी हातून झालेली असायची.

आणि मांजरं. १९७५ मध्ये मिशिगनच्या जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्यानं निबंध लिहिला, पण लिहिताना सवयीनं सगळीकडे 'आम्ही' म्हटलं. सहकारी म्हणाला, लेखक एक असेल तर 'आम्ही' तिथे चालत नाही. टाइपरायटरचा जमाना, सगळा कागद पुन्हा कोण बडवणार? त्यांनी आपल्या सयामी बोक्याला, चेस्टरला, सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलर्ड. एफ. डी. म्हणजे मांजराचं शास्त्रीय नाव, सी. म्हणजे चेस्टर आणि विलर्ड त्याचा बाप. निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. परवा, २०२४ मध्ये, दुसरा बोका आला, लॅरी. दोन संशोधकांनी त्याच्या नावे १२ निरर्थक निबंध आणि त्यांचे उल्लेख करणारे आणखी निरर्थक निबंध महाजालावर टाकले, आणि गूगल स्कॉलरनं लॅरीच्या खात्यावर १३२ उल्लेख जमा केले. विलर्ड मागे पडला. मला विचाराल तर विलर्डच खरा. त्याच्या निबंधातलं भौतिकशास्त्र तरी अस्सल होतं.

गेल्या वर्षी एका मुलीचा प्रबंध आला, इमर्सिव्ह ऑडिओवर. म्हणजे डोक्यावर हेडफोन आणि पाऊस मात्र मागच्या पत्र्यावर पडतोय असं वाटावं, तो प्रकार. नेहमीप्रमाणे मागून सुरुवात केली आणि यादीतच रमले. सगळ्यात जुनी नोंद लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाची, १९०७. आवाज डावीकडून आला तर उजव्या कानाला तो किंचित उशिरा पोचतो. किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं म्हणून उंच पट्टीतला आवाज तिकडे मंद होतो. एवढ्या फरकावर आपण रस्ता ओलांडताना वळून बघतो. रॅलेसाहेब नुसतं गणित करून थांबणारे नव्हते. त्याच्या तीसेक वर्षं आधी ते हिरवळीवर डोळे मिटून उभे राहिले होते आणि भोवती माणसं उभी करून कोण कुठून बोलतंय ते ओळखत होते. माणसाचा आवाज पुढून आला की मागून, हे बरोबर कळायचं. ट्यूनिंग फोर्क वाजवला की मात्र पुढचं-मागचं कळेना. समोरून आणि पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांना सारखाच पोचतो, आणि तो भेद करायला कानाच्या चुण्या लागतात; त्यांना काम करायला आवाजात वेगवेगळ्या पट्ट्यांची मिसळ हवी, फोर्कचा स्वर अगदीच शुद्ध. हेडफोनमध्ये आजही हीच रड आहे. त्या मुलीचं अख्खं चौथं प्रकरण त्यावर.

यादीत मधोमध ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरचं १९३१ चं पेटंट. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून, याचा वैताग येऊन त्यानं स्टिरिओ काढला, असं सांगतात. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून गेला. वय ३८. नावावर १२८ पेटंटं, निबंध हाताच्या बोटांवर. आपल्याकडच्या अर्जाच्या रकान्यात तो बसलाच नसता, मुलाखतीचं पत्र तर सोडाच.

आणि मग चक्क सी. व्ही. रामन. घुमटात कुजबुज भिंतीला चिकटून सरकत जाते, असं रॅलेनं मांडलं होतं. रामन यांनी १९२१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये स्वतः जाऊन ते पडताळलं, आणि नंतर भारतातल्या घुमटांवर लिहिलं. त्यात आपल्या शेजारचा विजापूरचा गोल घुमट. मुलगी सोलापूरची, तिला राहवेना. एका प्रकरणापुरती मोजमापं घ्यायला यंत्रं घेऊन गेली. कुजबुज ऐकायला म्हणून लोक तिथे जातात, आणि सज्जात पोचल्यावर पहिलं काम काय करतात तर ओरडतात. शिट्ट्या, टाळ्या, एकमेकांची नावं. म्हणून ती दार उघडायच्या वेळेलाच हजर झाली.

"तरी माझ्या आधी जतची एक शाळा वर चढली होती, मॅडम," ती म्हणाली. "दोन एसट्या भरून."

प्रबंधात तळटीप आहे: 'मोजणीच्या वेळी परिसरात अनपेक्षित गोंगाट होता.' संदर्भसूचीत रामन आहेत, रॅले आहेत, गाईड सात वेळा आहेत. जत नाही.