आमची वाटचाल : नावांची वही

२०११ साली बडोद्याच्या दांडिया बाजारात, आत्याच्या वाड्यातल्या ओटीवर, मी आणि आतेभावाने जमाखर्चाचं काम सुरू केलं. पहिली पाच वर्षं सरळ गेली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या आणि मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत गल्ल्यागल्ल्यावर क्यूआर लागले. एकाच दुकानाची तीन नावं झाली. बोर्डावर देवाचं, जीएसटी बिलावर आडनावाच्या फर्मचं आणि बँकेत मालकाच्या बायकोचं, तेही मध्येच कापलेलं. वॉलेटचं आणखी वेगळं. बँकेत दिसते ती वॉलेट भरल्याची ठोक रक्कम. पैसे कुणाला दिले ते वॉलेटच्याच स्टेटमेंटमध्ये. दोन्ही स्टेटमेंटं दरमहा काढून ठेवा, मार्चची वाट बघू नका.

आतेभावाने लांब पानांची वही घातली. डावीकडे आपण ठरवलेलं नाव, उजवीकडे लाल पेनने दिसतील तितकी रूपं, शेजारी यूपीआय आयडी. बँकेचं मूळ नॅरेशन, म्हणजे स्टेटमेंटमध्ये नोंदीपुढे छापलेला मजकूर, खोडायचं नाही, ठरलेलं नाव वेगळ्या रकान्यात घालायचं, हा नियम त्याचाच.

२०१९ मध्ये जवळच एक ऑफिस उघडलं. ‘मशीन जुळवतं, वह्या कशाला?’ म्हणत त्यांनी आमच्या ३१ गिऱ्हाइकांपैकी १७ नेली. आमच्याकडे शिकलेला मुलगाही नेला, त्याच्यासोबत वहीच्या झेरॉक्सही गेल्या. ते मला अजून खुपतं. सहा महिने आतेभावाने एक पैसा उचलला नाही.

मांडवीचे भांडीवाले काका मात्र हलले नाहीत. “अहो, माझे व्यापारी तुम्ही ओळखता, मशीन नाही,” म्हणाले. प्रत्येक बिलामागे ते शिसपेन्सिलीने आरआरएनचे शेवटचे चार आकडे लिहीत. यूपीआय व्यवहाराचा हा बारा आकडी नंबर मोबाइलवर आणि बँकेत एकच असतो, नाव कसंही छापून येवो.

पुढच्या मार्चमध्ये गेलेल्यांपैकी एक जण पिशवीभर कागद घेऊन ओटीवर आले. नावांची पहिली अक्षरं सारखी म्हणून दोन व्यापाऱ्यांची सरमिसळ झाली होती. एकाला दिलेले ४२,००० दुसऱ्याच्या खात्यात पडले. पहिल्याला तेच पुन्हा दिले गेले आणि दुसऱ्याचं देणं फिटलेलं दिसत राहिलं. काकांच्या पद्धतीने आरआरएन लावत बसलो, तिसऱ्या दिवशी मेळ बसला. हळूहळू नऊ जण परतले.

वही आता एक्सेलमध्ये आहे. काका गेले. त्यांचा मुलगा बिलं पाठवतो, मागे पेन्सिलीचे चार आकडे असतात.