रेहेकुरीच्या माळावर काळवीट मोजताना

पहिल्या सकाळी वहीत उतरवलेले सगळे आकडे मला दुपारी खोडावे लागले.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी रेहेकुरीला गेले होते. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं काळविटांचं हे अभयारण्य १९८० साली झालं, आणि क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. हिवर, बाभूळ, बोर आणि गुडघ्याला लागणारं कुसळी गवत. जीपमधून पाहणाऱ्याला हा ओसाड माळ वाटतो. सरकारी कागदावरही आपल्याकडच्या कितीतरी माळरानांची नोंद 'पडीक' अशीच आहे, याचं मला फार वाईट वाटतं. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड हे सगळे याच 'पडीक' जमिनीवर जगतात.

परवानगीचं थोडक्यात सांगते. अभयारण्यात संशोधन करायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. माझा पहिला अर्ज अपुरा होता. नकाशा नव्हता आणि कुठे, किती दिवस, कशासाठी फिरणार हे नीट लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा सगळं लिहिलं, अगदी तपासण्यासाठी लेंड्या उचलणार हेसुद्धा. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी हे पहिल्यांदाच करावं आणि हातात काही महिने ठेवावेत.

आता त्या खोडलेल्या आकड्यांबद्दल. आमची पद्धत रेषांची होती. नकाशावर समान अंतराने सरळ रेषा आखायच्या आणि उजाडताना त्यांवरून चालायचं. उगवतीचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी त्या दक्षिणोत्तर घेतल्या. कळप दिसला की रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने रेषेशी होणारा कोन घ्यायचा. अंतराला कोनाच्या साइनने गुणलं की कळप रेषेपासून किती लांब होता ते कळतं. जितकं लांब जावं तितके कळप नजरेतून निसटतात. अशी पुरेशी अंतरं जमली की हे निसटणं किती, याचा अंदाज बांधता येतो आणि न दिसलेली जनावरंही हिशेबात येतात.

यात एक अट आहे. जनावर मुळात जिथे होतं तिथलंच अंतर घ्यायचं. काळवीट उघड्या माळावरचं जनावर. आपण त्याला पाहण्याआधी बहुधा त्याने आपल्याला पाहिलेलं असतं. एक मादी उंच उडी घेते आणि पाठोपाठ सगळा कळप उधळतो. मी रेंजफाइंडर डोळ्याला लावेपर्यंत कळप लांब जाऊन थांबलेला असे, आणि मी तिथलं अंतर लिहीत होते. म्हणजे प्रत्येक कळप खऱ्यापेक्षा दूर, आणि माळावरची घनता खऱ्यापेक्षा कमी.

सोबतचे वनमजूर मामा दोन दिवस काही बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, हरणं दिसली की तुम्ही थबकता. मेंढक्याला ती एवढी भीत नाहीत, कारण तो चालत राहतो. थांबलेला माणूस म्हणजे टपलेला माणूस."

तेव्हापासून आम्ही चाल मोडली नाही. कळप दिसला की तो जिथे उभा होता तिथलं झुडूप मनात धरायचं, चार पावलं तशीच पुढे जायची आणि मग त्या झुडपाचं अंतर घ्यायचं. काळा नर, अजून तपकिरी असलेला कोवळा नर, माद्या, पाडसं अशी वेगळी नोंद मामा तोंडी सांगत आणि मी लिहीत असे.

लेंड्यांचं काम मात्र मी सोडून दिलं. नर आपल्या हद्दीत एकाच जागी लेंड्या टाकतो, ते ढीग ओळखू येतात. पण विखुरलेल्या लेंड्या काळविटाच्या की शेळ्यामेंढ्यांच्या, हे खात्रीने सांगणं मला जमेना. ज्याची खात्री नाही ते प्रबंधात घालायचं नाही, असं ठरवलं.

रेषांच्या पद्धतीला कळपांच्या साठ-ऐंशी तरी नोंदी लागतात. रेहेकुरीतल्या रेषा जेमतेम किलोमीटरभर, आणि थंडी पडली तसे कळप कुंपणाबाहेर हरभऱ्यात जाऊ लागले. मग रेषा शेतांमधून न्याव्या लागल्या. एका आजोबांकडे परवानगी मागायला गेले. ते म्हणाले, "हरणं मोजून तू पुण्याला जाशील, पोरी. माझे शेंडे कोण मोजणार?"

मी मोजले. त्यांच्या रानात दोरीने चौकोन आखून खाल्लेली आणि न खाल्लेली झाडं दर पंधरवड्याला मोजली. आजोबा स्वतः दोरी धरत. हरभऱ्याचा शेंडा आपण भाजीसाठी खुडतोच, त्याने फुटवे वाढतात. लवकर खाल्लेलं झाड बरंचसं सावरतं. फुलं-घाटे धरल्यावर खाल्लेलं झाड सावरत नाही. म्हणून नुकसान लिहिताना पीक किती दिवसांचं होतं हे लिहिलंच पाहिजे. हे मला कुठल्या शोधनिबंधातून नाही, आजोबांकडून कळलं.

हिशेबाअंती एक आकडा आला नाही. खालची आणि वरची मर्यादा आली, आणि दोहोंमध्ये बरंच अंतर होतं. मी ते तसंच छापलं. एक प्रत वनखात्याला दिली, एक आजोबांना. त्यांनी नकाशा उलटा-सुलटा करून आपलं रान शोधलं, मग ओढ्याच्या वळणावर बोट ठेवलं. "हरणं इथून चढतात. इथं तुझी रेष का नाही?"

तिथे रेष नव्हती. यंदाच्या थंडीत पहिली रेष त्याच वळणावरून निघते आहे.