तुम्ही विचारलंत म्हणून: परीक्षण नाही, तर मग पुस्तकांवर लिहायचं तरी काय?

महिन्यातून एकदा तरी मला हा मेसेज येतो. शब्द वेगळे असतात, रोख तोच, की तुम्ही दर आठवड्याला पुस्तकांवर काहीतरी लिहिता, मग दर आठवड्याला एक पुस्तक संपतं का तुमचं, आणि संपत नसेल तर एवढं लिहिता काय? पुढे बहुतेक वेळा दबक्या आवाजात असतं, मलाही लिहायचंय हो, पण परीक्षणापलीकडे काही सुचत नाही.

तर नाही संपत. महिन्याला दोन पुस्तकं झाली तरी मी खूश असते. आणि परीक्षणं लिहायचं मी जवळजवळ बंदच केलंय, त्यामागे एक लाजिरवाणा किस्सा आहे तो आधी सांगून टाकते.

सुरुवातीला मीही परीक्षणच लिहायचे, दर रविवारी एक, नेम म्हणजे नेम. एका शनिवारी रात्री कादंबरीची ऐंशी पानं उरली होती आणि डोळे मिटत होते, मग मी ती पानं चाळली, म्हणजे संवाद वाचले आणि वर्णनं सोडली, आणि सकाळी लिहून मोकळी झाले की बाकी सगळं छान पण लेखकाने शेवट घाईत उरकलाय. दोन दिवसांनी एका वाचकाचा अगदी नम्र मेसेज आला, की ताई, शेवट घाईत कुठे आहे, चाळीस पानं नुसतं त्या घराचं वर्णन आहे आणि कोण कुठे गेलं ते त्यातूनच कळतं. घाई माझी होती आणि खापर लेखकावर! तेव्हा कान धरला. परीक्षण लिहायचं तर पुस्तक संपलेलं लागतं, वर त्यावर मत तयार लागतं, आणि दर आठवड्याला या दोन्ही गोष्टी जमवायच्या म्हटल्या की माणूस एकतर बारीक बारीक पुस्तकं शोधायला लागतो नाहीतर चाळायला लागतो. मी दोन्ही केलंय.

आता मी वाचता वाचताच लिहिते, पुस्तक संपायची वाट बघत नाही. साठाव्या पानावर थांबून लिहिते की आत्तापर्यंत काय दिसतंय, कोणावर माझा संशय आहे, कोण डोक्यात जातंय, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. मग पुस्तक संपल्यावर तोच कागद काढून स्वतःची फजिती लिहायची, एकाच पुस्तकात दोन लेख निघतात आणि दुसरा लिहिताना तर फार मजा येते. एकदा मी ज्या म्हाताऱ्याला खलनायक ठरवून मोकळी झाले होते तो बिचारा पुढच्या प्रकरणात गेलाच. असे अंदाज आपण नंतर सोयीस्करपणे विसरतो, म्हणून ते तेव्हाच्या तेव्हा लिहायचे, नाहीतर ‘मला आधीच वाटलं होतं’ हे आहेच.

दुसरी खाण म्हणजे कोणी न वाचलेली पानं. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, आणि आत बारीक अक्षरात आवृत्ती-मुद्रक-मुखपृष्ठकार वगैरे असतं ते पान. तिथे पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांची सर्रास गल्लत असते, खरं तर मजकूर बदलला असेल तर नवी आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण. त्यामुळे ‘सुधारित आवृत्ती’ दिसली की जुनी प्रत मिळवून काय सुधारलंय ते शोधायचं, हा एक अख्खा लेख आहे. आयएसबीएन घ्या, म्हणजे पुस्तकाचा तो ओळख क्रमांक. १९७० पासून तो दहा आकडी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला, सुरुवातीचा ९७८ हा आकडा बारकोडच्या हिशेबात देशाच्या कोडच्या जागी बसतो, म्हणजे पुस्तकांचा एक वेगळा देशच धरलाय, बुकलँड म्हणतात त्याला. शेवटचा आकडा नुसता पडताळणीसाठी असतो. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणायचं, बेरीज करायची, त्यात तेरावा आकडा मिळवला की उत्तराला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. मी हातातल्या पुस्तकावर करून बघितलं तर बेरीज आली १०५. चार वेळा केली, १०५च. प्रकाशकाची चूक पकडली म्हणून मी जाम खूश, लेखाचं शीर्षकही सुचलं, आणि मग चष्मा लावला तर पाचव्या जागी मी ज्याला ८ समजत होते तो ३ होता. असा एखादा आकडा चुकला तर तो पकडला जावा म्हणूनच ही सगळी भानगड आहे, म्हणजे त्या नंबरने प्रकाशकाऐवजी मलाच पकडलं. त्यावर लिहिलेला लेख लोकांनी माझ्या कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त वाचला.

पण मला सगळ्यात जास्त कशावर लिहायला आवडतं म्हणाल तर अनुवादावर. आणि इथे कथानक आवडलं का, भाषा ओघवती आहे का, असलं काही मी लिहीत नाही, ओघवती हा शब्द तर मी स्वतःपुरता बंदच केलाय. एकच छोटा मुद्दा घ्यायचा. उदाहरणार्थ, इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, मराठीत तू, तुम्ही, आपण. म्हणजे कादंबरीत दोघं प्रेमात पडतात तेव्हा अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर नेमकं कुठल्या पानावर यायचं हे मूळ लेखकाने सांगितलेलंच नसतं, ते अनुवादकाला ठरवावं लागतं, आणि बाईंनी आधी ‘तू’ म्हणायचं की बुवांनी हेही त्यानेच ठरवायचं! मी असं पान शोधून काढते आणि मूळ पुस्तकात तिथे काय घडतंय ते बघते. कधी तिथे काहीच घडत नसतं, नुसता पाऊस थांबलेला असतो, आणि तरी बरोबर वाटतं.

किंवा निवेदक बाई की पुरुष हे इंग्रजीत शंभर पानं लपवता येतं. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, पहिल्याच वाक्यात भांडं फुटतं. पण मग चांगला अनुवादक काय करतो बघा, ‘मी दार उघडलं’, ‘मी हाक मारली’, ‘मला वाटलं’, यातल्या एकाही वाक्यात बोलणारा कोण ते कळत नाही, कारण क्रियापद दाराच्या नाहीतर हाकेच्या मागे जातं. ‘मी म्हणालो’ टाळून ‘मी म्हटलं’ करता येतं. मी एकदा बसून असं एक पान स्वतः लिहायचा प्रयत्न केला, सहाव्या वाक्याला ‘मी खुर्चीत बसले’ निघालंच. ते पान आणि त्यात मी कुठे कुठे अडकले एवढंच लिहून दिलं, झाला त्या आठवड्याचा लेख.

पुस्तक ही वस्तू म्हणूनही पुष्कळ आहे लिहायला. पानं पिवळी का पडतात, तर लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, ते हवा-उजेडाने बदलतं, आणि १८४० च्या दशकानंतर हळूहळू लगद्याचा कागद आला म्हणून चिंध्यांपासून केलेल्या त्याआधीच्या कागदावरची पुस्तकं कधीकधी नंतरच्यापेक्षा गोरी दिसतात. शेवटी कोरी पानं का, तर छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्याने, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्याने होते आणि मजकूर त्या हिशेबात बसायला लेखक काही हिशेबनीस नसतो. एवढं पुरे.

दिनविशेषावर लिहू का, असंही विचारतात. लिहा, पण नुसत्या शुभेच्छा नकोत, खणा जरा. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन युनेस्कोने १९९५ मध्ये ठरवला, शेक्सपिअर आणि सर्व्हान्टेस दोघंही १६१६ साली त्याच तारखेला गेले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण इंग्लंडात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती आणि स्पेनमध्ये नवी, त्यामुळे तारीख एक दिसली तरी मध्ये दहा दिवसांचं अंतर पडतं, त्यात सर्व्हान्टेस बहुधा २२ तारखेलाच गेला, २३ ला त्याचं दफन झालं. हे सापडलं तर लिहा, नाहीतर सोडून द्या. आणि ‘वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं’ कृपया नको. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात एक आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. त्या नियमाने गेलं तर एकच पुस्तक घेऊन ते कोणाला द्यावं आणि कोणाला चुकूनही देऊ नये हे लिहिता येतं, मला तेच जास्त उपयोगी वाटतं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांवर मात्र जरूर लिहा. फक्त पान नंबर टाका आणि सोडण्याचं खरं कारण सांगा. माझं खरं कारण अर्ध्या वेळा ‘अक्षर बारीक’ हे असतं.

हे सगळं सुचतं कसं, तर सुचत नाही, साठतं. पुस्तकात मी एक कागदाची पट्टी ठेवते, तिच्यावर पान नंबर आणि तीन-चार शब्द, बास. पूर्ण वाक्य लिहायला गेलं की वाचन थांबतं. ‘८८ पाऊस थांबला, तू’ असं काहीतरी. रविवारी पट्ट्या समोर घेऊन बसायचं, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ आपल्यालाच लागत नाही, उरलेल्यांतून एक निघते.

आत्ताची पट्टी बघून सांगते. एक जुनी वापरलेली प्रत वाचतेय, आधीच्या कोणीतरी समासात पेन्सिलने वाद घातलाय. ३१ वर ‘हो का?’, ७४ वर ‘खोटं’, १०९ वर नुसतं ‘नाही!’ आणि खाली दोन रेघा. मी पुढे चाळून बघितलं, (चाळायचं नाही असं ठरवलंय, पण हे वेगळं), तर १४० नंतर पेन्सिलीची एकही खूण नाही. पटलं म्हणून गप्प बसला की पुस्तकच मिटलं, काय माहीत. मी १३६ वर आहे.