‘सालिर’ आणि ‘निघणे’: स्पॅनिश अभ्यासाची नोंद, महिना चौथा

या महिन्यात नवे शब्द वाढवण्याऐवजी मी ‘सालिर’ या एकाच क्रियापदापाशी थांबलो, कारण वहीत लिहून ठेवलेला ‘बाहेर जाणे’ हा अर्थ वाचनात वरचेवर अपुरा पडू लागला होता. रूपे लवकर पाठ झाली. ‘साल्गो’मध्ये (मी निघतो) मध्येच येणारा ग आणि भविष्यकाळी ‘साल्द्रे’मधला (मी निघेन) द एवढे सांभाळले की बाकीचे सरळ आहे. (तृतीयपुरुषी एकवचनी ‘साले’ मात्र घरात मोठ्याने घोकू नये.)

हे क्रियापद खरे उलगडले ते शेजारी मराठी ‘निघणे’ ठेवल्यावर. ‘ला फोतो सालियो ब्येन’ म्हणजे फोटो चांगला निघाला. वर्तमानपत्र निघते, डाग निघतो, सूर्य निघतो, आणि या सर्व ठिकाणी स्पॅनिशमध्येही ‘सालिर’च येते. ‘सालिर दे कासा’ (घरातून निघणे) मधला ‘दे’, म्हणजे आपला ‘-ऊन’, सुरुवातीला मी वारंवार विसरत असे. घरून निघालो, घरातून निघालो, असे मनात म्हटल्यापासून ती चूक बंद झाली.

जोडी सगळीकडे जुळत नाही. मुलगी आईवर ‘जाते’, तिथे स्पॅनिशमध्ये ती ‘सालिर आ’ करते. आणि दूध उतू जाते, तिथे ‘सालिर्से’ येते. माझी सर्वांत हट्टी चूक निरोपाची होती. कुणाच्या घरून उठताना आपण ‘निघतो’ म्हणतो, म्हणून मी ‘साल्गो’ म्हणत राहिलो. पण तिथे ‘इर्से’ लागते, म्हणजे ‘मे वोय’. त्याचा शब्दशः अर्थ ‘जातो’ असा होत असल्यामुळे, आणि ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे लहानपणापासून अंगवळणी पडल्यामुळे, तो शब्द उच्चारताना अजूनही जीभ अडखळते.

आज्ञार्थी ‘साल’ म्हणजे ‘नीघ’, आणि मीठही. त्यात गोंधळ होत नाही. गंमत पुढे आहे. ‘सालिर्ले आल पासो’ म्हणजे एखाद्याला वाटेत सामोरे जाणे. याचा एकवचनी आज्ञार्थ करताना ‘साल’ला ‘ले’ जोडावे लागते, आणि ते जोडून लिहिले की दोन एल शेजारी येऊन त्यांचा उच्चार बहुतेक ठिकाणी य-सारखा होतो. त्यामुळे हे रूप बोलता येते, पण लिहिता येत नाही, असे स्पॅनिश भाषेची अकादमीच सांगते. त्या दिवशी वहीत मी ती जागा कोरी सोडली.